निव्वळ वजन

दर महिन्याच्या दहा तारखेला
आढ्याच्या हुकाला काटा टांगते मी.
विडी घरकुलातली आमची अंगणवाडी, दीड खोली,
दाराशी बारमाही ओली गटार.

प्रणीत चिलवेरी, वय तीन वर्षं दोन महिने.
झोळीत बसतो, हातातला पुडा सोडत नाही.
केशरी, पाच रुपयांचा,
आत बोटभर लांब फुगीर नळ्या, बाकी हवा.
ठेव म्हटलं की छातीशी आवळतो,
नळ्या मोडल्याचा आवाज येतो.
पुड्यासकट केलं वजन : दहा किलो चारशे.
हिसकून घेतला, तो रडला, पुन्हा केलं :
दहा किलो चारशे.
काट्याला पत्ताच नाही काही गेल्याचा.

रजिस्टरात त्याच्या नावापुढे पिवळा रंग.
पुड्याच्या पाठीवर मुंगीएवढी अक्षरं,
चष्मा खाली ओढून वाचली :
निव्वळ वजन सतरा ग्रॅम.
मक्याचं पीठ, तांदळाचं पीठ, पामतेल, मीठ, साखर,
आणि नुसते आकडे, ज्यांना नाव कुणी ठेवलं नाही.
माझा जावई टँकरवर असतो. तो म्हणतो,
हे तेल समुद्रापलीकडचं,
कुठलं तरी रान आडवं करून काढलेलं.
इथे कुंभारीच्या पुढे जोंधळा कंबरेला लागलाय.
त्यातला दाणाही या नळीत नाही.

दारात त्याची आई, सुजाता. कडेवर धाकटी,
बोटांना तंबाखूचा वास.
"भाकरी देतीस का गं?"
"देतो की ओ बाई. बघतच नाही तिकडं."
मग पायाच्या अंगठ्याकडं बघत,
"हे दिलं की गप बसतंय.
तेवढ्यात एक कट्टा वळून होतंय माझा."
यावर काय बोलणार.
भिंतीवर तक्ता मीच चिकटवलाय : मोड आलेली मटकी.
मटकीला मोड यायला दोन दिवस लागतात,
आणि दोन दिवस कुणाकडे आहेत.

खोटं कशाला, माझ्याही पिशवीत असतो एक.
संध्याकाळी बस येईपर्यंत
एकेक नळी जिभेवर विरघळवते.
पोट भरत नाही, वेळ भरतो.
सरकारी खाऊ येतो तोही चकचकीत पुड्यातच,
तोही फाडायचा दातानं,
तोही गटारीत.

परवा महापालिकेचा शरणप्पा
कोपरापर्यंत हात घालून गटार उपसत होता.
काळ्या चिखलातून एक केशरी पुडा निघाला.
पुसला. मुदत चार महिन्यांची,
संपून सहा वर्षं झालेली.
प्रणीतहून मोठा, आणि रंग जराही उतरलेला नाही.
वाळवून पोतंभर पुडे मैनुद्दीनकडे नेले, भंगारात.
त्याने एका बोटावर पोतं उचललं,
काट्याला लावलंच नाही.
"बाटल्या आणा, पत्रा आणा, पुठ्ठा आणा बाई.
ह्याच्या आत चांदी, वर प्लास्टिक,
सोडवायला येत नाही. फुकट बी नको."
पोतं घेऊन परत आले. अजून कपाटामागे आहे.

तर, दहा तारीख.
दुपारी मुलं पांगली, मी डबा उघडला.
कडक भाकरी, शेंगाचटणी, थोडं दही.
भाकरी मोडली
आणि त्या कडकन् आवाजाला
दाराशी रेंगाळलेला प्रणीत वळला.
जवळ आला. तुकडा घेतला, कानाशी नेऊन मोडला,
हसला, पुन्हा मोडला.
चटणीचं बोट चाटून डोळ्यांत पाणी आलं,
अर्धं थुंकला माझ्याच पदरावर.
मला वाटलं, संपलं.
त्याने रिकामा पुडा उघडला, मघाचाच,
भाकरीचे तुकडे एकेक आत टाकले,
हलवून बघितलं वाजतंय का.
वाजलं.
मग भिंतीला टेकून, पाय पसरून,
पुड्यात हात घालून,
जणू दुकानातून आणलीय अशी
खात बसला.
मी हात पुढे केला, तर पुडा पाठीमागे लपवला.